ईमेल खाते : द्विस्तरीय पडताळणीविना

केवळ पासवर्डवर उघडणारे ईमेल खाते. मोबाइलवरचा ओटीपी, ऑथेंटिकेटर ॲपमधला सतत बदलणारा आकडा किंवा यूएसबीला लावायची सुरक्षा-चावी असा दुसरा पुरावा येथे मागितला जात नाही. पासवर्ड ज्याच्या हाती, खाते त्याचे.

सर्वत्र एकच पासवर्ड वापरणाऱ्याचे खाते सर्वांत कच्चे. एका संकेतस्थळावरून चोरलेले पासवर्ड यंत्राकरवी दुसरीकडे लावून पाहिले जातात. याहूवरील २०१३ च्या चोरीत तेव्हाची सगळी, म्हणजे सुमारे ३ अब्ज खाती सापडली. ‘पासवर्ड विसरलात?’ हे दारही तितकेच कच्चे. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू खाते एका विद्यार्थ्याने याच दाराने उघडले. जन्मतारीख, झिप कोड, पतीची पहिली भेट कुठे झाली, ही उत्तरे त्याला इंटरनेटवर आयती मिळाली.

फिशिंगपुढे मात्र लांबलचक, कुठेही न वापरलेला पासवर्डही निरुपयोगी. कारण तो मालकच टाइप करून देतो. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना १९ मार्च २०१६ रोजी गूगलच्या नावाने ईमेल आला : युक्रेनमधून कोणीतरी तुमचा पासवर्ड वापरला आहे, ताबडतोब बदला. मोहिमेतल्या संगणक-साहाय्यकाने तो खरा असल्याचे कळवले. सोबत गूगलची अस्सल लिंक दिली आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करा, असेही बजावले. सल्ला चोख होता, पण क्लिक झाले ते बनावट लिंकवर. ५० हजारांहून अधिक ईमेल चोरीला गेले आणि ७ ऑक्टोबरपासून विकिलीक्सवर झळकू लागले. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने या प्रकरणासह इतर घुसखोरीबद्दल रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले.

ईमेल गेला की इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंकही चोराकडेच येतात. शहाणा चोर पासवर्डला हातही लावत नाही. सेटिंगमध्ये जाऊन येणाऱ्या प्रत्येक ईमेलची प्रत आपल्या पत्त्यावर वळवतो. मालकाने नंतर पासवर्ड बदलला तरी ही गळती चालूच राहते.

जीमेलवर द्विस्तरीय पडताळणीची सोय २०११ पासून सर्वांना खुली आहे. ती आपणहून चालू करणारे थोडेच निघाले. गूगलने २०२१ मध्ये १५ कोटींहून अधिक खात्यांवर ती स्वतःच लागू केली, तेव्हा त्या खात्यांच्या चोऱ्या निम्म्यावर आल्या. एसएमएसचा ओटीपी अभेद्य नव्हे : गूगलच्याच २०१९ च्या अभ्यासात त्याने सरसकट फिशिंगपैकी ९६ टक्के हल्ले रोखले, पण नेमके हेरून केलेल्यांपैकी ७६ टक्केच. सुरक्षा-चावीपुढे एकही टिकला नाही, कारण ती बनावट संकेतस्थळाला उत्तरच देत नाही.

भारतात ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून दुसरी पडताळणी सक्तीची केली. ईमेलला अशी सक्ती नाही, आणि बँकेची स्टेटमेंट तर तिथेच येतात.