नूर, नार आणि हातातली बॅटरी

मागच्या आठवड्यात वर्गात एका मुलीने विचारले, "सर, एलईडी थंड असते म्हणतात, मग आमची बॅटरी गरम का होते?" पुस्तकात विजेरी म्हणतात, आमच्या नगर जिल्ह्यात बॅटरीच. प्रश्न लहान, पण त्याच्या मागे मोठा इतिहास आहे.

अरबीत 'नूर' म्हणजे प्रकाश आणि 'नार' म्हणजे आग. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. माणसाचा अनुभवही तोच होता. दिवटी, पणती, चिमणी, कंदील, गॅसबत्ती. काहीतरी जळल्याशिवाय, तापल्याशिवाय उजेड नव्हता.

अब्बांची पत्र्याची बॅटरीही याच घराण्यातली. दीड व्होल्टचे तीन मोठे सेल आणि पुढे वाटाण्याएवढा दिवा. त्यातली टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या वर तापे, तेव्हा कुठे उजळे. सेलच्या शंभर भाग शक्तीतले जेमतेम पाच भाग उजेडात जात, बाकी सगळी उष्णता. सेल उतरले की उजेड पिवळा, मग तांबूस होई. अम्मी ते सेल उन्हात ठेवायची आणि अब्बा त्यावर आणखी एक रात्र काढायचे.

ही जुनी सोबत एलईडीने तोडली. तिच्यात तार नाही. अर्धवाहकाच्या छोट्या तुकड्यातून वीज गेली की थेट प्रकाश निघतो. १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी लाल एलईडी केली. पांढऱ्या उजेडासाठी मात्र निळी लागत होती. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानी वंशाच्या तिघांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती साधली आणि २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवले. निळ्या तुकड्यावर पिवळा लेप दिला की डोळ्याला उजेड पांढरा दिसतो.

मग बॅटरी गरम का होते? कारण एलईडीतही विजेचा साधारण तिसरा हिस्साच उजेड होतो. उरलेली उष्णताच. फरक तिच्या वाटेचा आहे. जुन्या दिव्याची बरीच उष्णता उजेडाबरोबर पुढे निघून जाई. एलईडीची मागे, त्या इवल्या तुकड्यातच अडकते. आणि तार तापल्याने उजळते, तर एलईडी तापल्याने मंदावते, तिचे आयुष्यही घटते. म्हणून मागे धातूची पट्टी हवी आणि ती ॲल्युमिनियमच्या अंगाला नीट चिकटलेली हवी. मग उष्णता हातापर्यंत आणि हवेत जाते. धातूची बॅटरी हाताला कोमट लागली तर घाबरू नका. आतली उष्णता बाहेर येते आहे. काही चांगल्या बॅटऱ्या थोड्या वेळाने आपोआप उजेड कमी करतात, तोही बचावच. प्रखर उजेडाची पण प्लास्टिकची बॅटरी मात्र बाहेरून थंड राहते आणि आतून भाजते.

ही बारीक गोष्ट आमच्याकडे जिवाशी येते. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते. रात्रपाळी आली की दारे धरायला अंधारात जावे लागते. अकोले, संगमनेर, राहुरीच्या उसात बिबट्या राहतो आणि बांधावर साप असतो. एकदा माझ्याच हातातली स्वस्त प्लास्टिकची बॅटरी शेताच्या मधोमध मंदावत गेली. सेल नवे होते. काठी आपटत, मोठ्याने बोलत घरी आलो. ती बॅटरी का मंदावली, हे मला खूप उशिरा कळले.

सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या प्रयोगासाठी आपल्या जिल्ह्यातले राळेगणसिद्धी निवडले गेले. उद्देश होता शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचा. तशी वीज प्रत्येक शिवारात पोहोचली तर रात्री बांधावर जायची वेळच येणार नाही. तोवर बॅटरी घेताना फक्त उजेड पाहू नका. दहा मिनिटे चालू ठेवा, अंगाला हात लावा आणि मग पैसे द्या.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले : नूर पुढे गेला बेटा, नार मागे राहिली. तिला वाट करून द्यावी लागते.