‘मित्र’ या शब्दाचा इतिहास : समलिंगी सहजीवन, विवाह आणि मराठी साहित्य

विवाह ही कायद्याची निर्मिती की समाजमान्यतेची, हा प्रश्न मराठी विचारविश्वात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उपस्थित होत आला आहे. दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये रखमाबाईंविरुद्ध दावा दाखल केला, तेव्हा वाद वरकरणी वैवाहिक हक्कांचा होता. संमतीवाचून लागलेले लग्न व्यक्तीला बांधून ठेवते काय, हा त्याचा गाभा होता. समलिंगी विवाहाच्या आजच्या वादात हाच प्रश्न उलट्या दिशेने येतो. तेथे लग्न होते, संमती नव्हती. येथे संमती आहे, लग्न नाही.

अमेरिकेत या मागणीचा प्रवास प्रामुख्याने न्यायालयांतून झाला. मिनेसोटातील एका जोडप्याचे अपील 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारातही घेतले नाही. 1996 मध्ये संघराज्याने कायदा करून विवाहाची व्याख्या स्त्री-पुरुषांपुरती सीमित केली. 2004 मध्ये मॅसॅच्युसेट्सने पहिले परवाने दिले आणि 26 जून 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा हक्क देशभर मान्य केला. या चार दशकांत ‘आम्ही कोण’ या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत हळूहळू ‘आम्ही विवाहित’ या भाषेत दिले जाऊ लागले. ओळख आणि विवाह यांची अशी सांगड बसणे ही तेथील विशिष्ट परिस्थितीची फलश्रुती होय. आरोग्यविमा, वारसा, रुग्णालयातील भेटीचा अधिकार या साऱ्यांच्या किल्ल्या तेथे विवाहाच्या दाखल्याशी जोडलेल्या होत्या.

भारतात क्रम वेगळा राहिला. 1860 च्या दंडसंहितेतील कलम 377 ची छाया दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये दूर केली, 2013 मध्ये ती परत आली आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरती कायमची नाहीशी झाली. मात्र 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाहाची मान्यता मागणाऱ्या याचिका 17 ऑक्टोबर 2023 रोजी फेटाळल्या गेल्या. विवाह हा मूलभूत हक्क नव्हे, याविषयी पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. परिणामी अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे एक चमत्कारिक स्थिती उभी राहते. कॅलिफोर्नियात पती असलेला पुरुष मुंबईच्या विमानतळावर उतरताच कायद्याच्या दृष्टीने पुन्हा केवळ ‘मित्र’ ठरतो.

हा ‘मित्र’ शब्द मराठी साहित्यात काय काय वाहून आणतो, हे पाहण्यासारखे आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (1981) या नाटकातील सुमित्रा ‘मित्रा’ या नावाने ओळखली जाते. स्त्रीचे नाव पुरुषवाचक शब्दाच्या उंबरठ्यावर थांबते आणि तिचे नामावरील प्रेम ‘मैत्री’ या एकाच उपलब्ध शब्दात कोंबावे लागते. तिची कहाणी सांगतो तो बापू. स्वतः मित्रावर प्रेम करणारा पुरुष. मित्राला स्वतःचे निवेदन नाही आणि शेवटी जगण्याला जागाही नाही. तिच्या आत्मनाशाकडे केवळ शोकात्म शेवट म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ज्या नात्याला नाव नाही, त्याच्या दुःखाची नोंद दुसऱ्याच कोणाच्या गोष्टीत होते, हे या संहितेच्या रचनेतच अनुस्यूत आहे.

नावाच्या या अभावामागे पूर्वेतिहास आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने 1927 पासून लैंगिक प्रश्नांची मराठीत उघड चर्चा आरंभली. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडूनही त्यांना शिक्षा झाली. ज्ञानाची भाषा न्यायालयात अश्लील ठरत असेल, तर अनुभवाच्या भाषेला ललित साहित्यात आडवळणानेच यावे लागणार, हे उघड आहे.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) या कादंबरीत निवेदनाचा अधिकार बदलतो. घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर तनय आणि अनुजा ही भावंडे प्रेम करतात. पूर्वार्ध तनयच्या तोंडी आहे, उत्तरार्ध अनुजाच्या दैनंदिनीचा. अनुजा त्या तरुणाबरोबर निघून जाते आणि एकटी परतते, तेव्हा घर हादरते, उपचार होतात, तिच्या भवितव्याची काळजी वाहिली जाते. तनयचे नुकसान तेवढेच आहे. पण ते नुकसान आहे याचीच घराला कल्पना नाही. अनुजाच्या विरहाला ‘फसलेली मुलगी’ हा निदान एक अपमानास्पद साचा तरी उपलब्ध आहे. तनयला तोही नाही. विवाहसंस्थेची सत्ता येथे सर्वांत स्पष्ट दिसते. ती कोणते प्रेम पवित्र हे तर ठरवतेच, शिवाय कोणाचा शोक हा शोक मानायचा, हेही ठरवते.

चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या एकपात्री संहितेत बोलणारी व्यक्ती आई आहे. मुलाची दैनंदिनी वाचून तिला सत्य कळते. बापू, तनय आणि ही आई, असा निवेदकांचा क्रम लावला, तर मराठी साहित्यातील स्वीकाराची दिशा ध्यानात येते : साक्षीदार, स्वतः अनुभवणारा आणि अखेर कुटुंब. अमेरिकन न्यायालयात जो प्रश्न नागरिक आणि राज्य यांच्यात सुटला, तो मराठी संहितांत माय-लेकरांमध्ये मांडला जातो. याला मागासलेपण म्हणणे घाईचे ठरेल.

कारण या भूमीत विवाहाची मान्यता अनेकदा राज्याकडून आलेलीच नाही. नंदुरबार तालुक्यातील रनाळे ज्या जिल्ह्यात मोडते, त्याची बहुसंख्य लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि 1955 चा हिंदू विवाह कायदा, केंद्र सरकारची वेगळी अधिसूचना नसेल तर, अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तेथील भिल्ल समाजात देज ठरते, पंच बसतात, गाव जेवते आणि लग्न होते. कायदा त्या रूढीमागून चालतो. मराठीत लग्न ‘लागते’, हा वाक्प्रचारही हेच सुचवतो. अक्षता टाकणारे हात नसतील, तर दोघांचा निश्चय लग्नाच्या रूपाला येत नाही.

तथापि रूढीचा हा आधार दुधारी आहे. समुदायाला मान्यता देता येते, तशी नाकारताही येते. आणि नाकारलेल्याला दाद मागण्याचे ठिकाण उरत नाही. रखमाबाईंच्या वेळी रूढीच्या बंधनामागे न्यायालयाचे बळ उभे राहिले होते. आज समलिंगी जोडप्यांनी न्यायालयाकडे मागितलेले बळ त्यांना मिळालेले नाही. अशा वेळी साहित्याने आईच्या तोंडी दिलेली भाषा महत्त्वाची ठरते. पण तिच्यावर सारा भार टाकता येणार नाही. समजूतदार आई लाभणे हा दैवयोग आहे आणि ज्याला ती लाभली नाही, त्याचा ‘मित्र’ रुग्णालयाच्या दाराबाहेरच थांबतो.