पुस्तकावर सहा नावं

आपल्या गटाच्या बैठकीत सगळ्या बोलत असतात आणि एकजण खाली मान घालून प्रोसिडिंग लिहीत असते. आज आम्ही अशाच एका लिहिणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहोत. बाई फ्रान्सची, नाव मारी-आन पोल्झ, जन्म १७५८ सालचा.

आई लहानपणीच गेली. १७७१ साली, तेराव्या वर्षी लग्न झालं. (आपल्या आज्यांचं आठवलं ना?) नवरा आंत्वान लाव्हाझिए अठ्ठावीस वर्षांचा. राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत तो भागीदार होता, पण त्याचा जीव रमायचा प्रयोगशाळेत. घर श्रीमंत होतं, हेही सांगायला हवं. हिला शिकायला सवड मिळाली ती त्यामुळे.

त्या काळी विद्वान म्हणत, चुलीत लाकूड जळतं तेव्हा त्यातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं काहीतरी बाहेर पडतं. लाव्हाझिएनं तराजू काढला. धातू हवेत खूप तापवला की त्याचं वजन वाढतं. काही बाहेर पडत असेल तर वजन वाढेल कसं? म्हणजे हवेतलंच काहीतरी धातूला येऊन मिळतं. त्यालाच त्यानं ऑक्सिजन म्हटलं.

१७८७ साली आयर्लंडच्या रिचर्ड कर्वन यांनी फ्लॉजिस्टनची बाजू घेऊन इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आता उत्तर द्यायचं तर आधी समोरचा काय म्हणतो ते कळायला हवं, आणि लाव्हाझिएला इंग्रजी जमत नव्हतं. मारी ते शिकली होती. तिनं अख्खं पुस्तक फ्रेंचमध्ये आणलं. नुसते शब्द फिरवून हे काम होत नाही, रसायन कळावं लागतं. काही ठिकाणी तिनं स्वतःच्या टिपाही घातल्या. १७८८ साली पुस्तक छापलं, कर्वन यांच्या प्रकरणांना जागोजागी उत्तरं जोडून. पुढे १७९१ मध्ये खुद्द कर्वन यांनीच फ्लॉजिस्टन सोडून दिलं.

त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर उत्तरं लिहिणाऱ्या सहा पुरुषांची नावं आहेत. भाषांतर करणारीचं नाव नाही. आम्हीही एकदा तीन रात्री जागून एक अहवाल लिहिला होता. छापून आला तेव्हा आमच्या गटाचं नाव शोधत बसलो, सापडलं नाही. त्यामुळे ते पान आम्हाला जरा जास्तच लागलं.

चित्रांचं मात्र वेगळं झालं. १७८९ साली लाव्हाझिएचा रसायनशास्त्राचा मोठा ग्रंथ आला. त्यातल्या उपकरणांची तेरा चित्रं मारीनं काढली, आणि त्यांवर तिची सही आहे. श्वासाच्या प्रयोगांची तिनं काढलेली चित्रंही शिल्लक आहेत. एक माणूस नळीतून श्वास घेतोय, भोवती बाकीचे उभे, आणि बाजूच्या टेबलाशी एक बाई नोंदी करत बसलेली. ती बाई मारीच. तिनं स्वतःला चित्रातून गाळलं नाही.

मग क्रांती झाली. कर गोळा करणाऱ्यांवर लोकांचा राग होताच. ८ मे १७९४ रोजी नवरा आणि वडील, दोघांनाही एकाच दिवशी शिरच्छेदाच्या यंत्राखाली मारलं. घरदार जप्त झालं, काही दिवस तीही तुरुंगात होती. सुटल्यावर तिनं वस्तू आणि कागद परत मिळवले आणि नवऱ्याचे अपुरे राहिलेले रसायनाचे लेख छापून काढले. पुन्हा लग्न केलं, तेव्हाही लाव्हाझिए नाव सोडलं नाही. ते लग्न काही टिकलं नाही. १८३६ साली पॅरिसमध्ये ती वारली.

तुमच्या गटाची वही कोण लिहितं, तिचं नाव आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.