वांकेल एंजिन : घूर्णक व टोकपट्ट्या

दट्ट्याऐवजी फुगीर बाजूंचा त्रिकोणी घूर्णक असलेले अंतर्ज्वलन एंजिन. जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल (१९०२–८८) यांच्या कल्पनेवरचा पहिला नमुना एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चालला. कमरेला किंचित आवळलेल्या कवचात घूर्णकाचा एक फेरा होतो, तेव्हा विकेंद्री दंडाचे तीन होतात. झडपा लागत नाहीत.

खरी कसोटी गळती रोखण्याची. गोल दट्ट्याला कडी चढवली की काम भागते. इथे घूर्णकाच्या प्रत्येक टोकाला खाच पाडून पट्टी, कडांना वक्र पट्ट्या आणि त्या जिथे मिळतात तिथे छोट्या गुंड्या बसवाव्या लागतात. टोकपट्टीमागची स्प्रिंग सुरुवातीपुरती. पुढे खाचेत शिरलेल्या वायूचा दाबच पट्टीला भिंतीवर रेटतो. भिंतीशी तिचा कोन सारखा बदलत असल्याने स्पर्श रेषेपुरताच राहतो. पट्टी थरथरली की भिंतीवरच्या क्रोमच्या मुलाम्यावर आडवे ओरखडे उठत. माझदा या मोटार कंपनीच्या अभियंत्यांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हटले, आणि ते रास्तच होते. तिथल्या केनिची यामामोतो यांच्या गटाने पट्टीसाठी प्राण्यांची हाडेसुद्धा अजमावली. अखेर ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी माझदाच्या १९६७ च्या कॉस्मो स्पोर्ट मोटारीत आली. त्याच वर्षीच्या एनएसयू आरओ ८० मोटारीला मात्र झिजणाऱ्या टोकपट्ट्या भोवल्या.

पट्ट्यांच्या वंगणासाठी थोडे तेल मुद्दाम ज्वलनकप्प्यात सोडतात. ते इंधनाबरोबर जळते. त्यामुळे धुराचे नियम पाळणे या एंजिनाला जड जाते.