रिकामा पाट

गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत पुण्यात विद्येसाठी कोकणातून किंवा देशावरून आलेल्या गरीब मुलाच्या निर्वाहाची जी व्यवस्था रूढ होती, तिची कोणत्याही सरकारी दप्तरात नोंद नव्हती, तिला कोणी अधीक्षक नव्हता आणि तिच्यासाठी एका पैचीही तरतूद कोणी मंजूर केलेली नव्हती. तरीही कित्येक पिढ्यांचे विद्यार्जन तिच्याच आधाराने पार पडले. सात घरी सात वार लावून जेवावे, एखादा वार रिकामा राहिल्यास झोळी घेऊन माधुकरी मागावी, आणि रात्री कोणाच्या तरी ओसरीवर पथारी पसरून मिणमिणत्या दिव्याशी पाठांतर करावे, असा तो क्रम असे. सोमवारच्या घरी ताकभात मिळे, बुधवारच्या घरी भाताबरोबर चार बोलणीही मिळत, आणि मुलाने दोन्ही गोष्टी सारख्याच मुकाट्याने गिळाव्यात, अशी यजमानांची अपेक्षा असे.

या प्रथेचे गोडवे गाणाऱ्यांच्या सुरात सूर मिळवण्याची मला इच्छा नाही. दुसऱ्याच्या घरी नित्य जेवणाऱ्या मुलाच्या मनावर जे ओरखडे उमटतात ते त्याच्या पुढील वैभवानेही पुसले जात नाहीत. शिवाय हा सारा परोपकार प्रायः ब्राह्मणाच्या मुलापुरताच होता, कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलासाठी त्या घरांतून पाट मांडला जात नव्हता, आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता. परंतु त्या सदोष व्यवस्थेत एक गुण असा होता की, जो तिच्या जागी आलेल्या सुधारलेल्या संस्थांना सहजासहजी साधला नाही: बुधवारचा मुलगा बुधवारी आला नाही, तर पाट रिकामा दिसे. मग घरातील एखादे पोर त्याच्या बिऱ्हाडी पिटाळले जाई आणि मुलगा तापाने फणफणला आहे, की घरून अशुभ पत्र आले आहे, याचा छडा दिवेलागणीच्या आत लागे. संकटात सापडलेला विद्यार्थी ओळखावा कसा, या ज्या प्रश्नावर आज विद्यापीठांतून परिसंवाद भरतात, त्याचे निम्मे उत्तर त्या पाटापाशी होते.

पाश्चात्य पद्धतीची महाविद्यालये निघाली, तेव्हा हे काम काही अध्यापकांनी आपण होऊन अंगावर घेतले. 1891 पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी आपल्या नात्यातील रघुनाथ परांजपे या मुलाला घरी ठेवून शिकवले आणि तोच मुलगा 1899 साली केंब्रिजचा सीनियर रँग्लर झाला, ही हकिकत सर्वश्रुत आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक म्युलर यांची हकिकत तितकी सांगितली जात नाही. सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा 25 रुपयांच्या शिष्यवृत्तीवर तेथे शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना त्यांनी पुस्तके वाचावयास दिली आणि कपडेही दिले. पुस्तक देणारे गुरुजन पुष्कळ आढळतात. शिष्याच्या अंगावरील कपडे पाहून त्याची गरज ओळखणारा क्वचित. ज्या काळी ज्ञानासाठीदेखील या विद्यार्थ्याला अनेक दारे बंद होती, त्या काळी हे औदार्य एका परदेशी माणसाने दाखवावे, यात आपल्याला अभिमान वाटण्याजोगे काही नाही.

मात्र अध्यापकाच्या ममतेचे वसतिगृहाच्या अंमलात रूपांतर झाले, की तिचा रंग बदलतो. परदेशी कापडाची होळी केल्याबद्दल 1905 साली फर्ग्युसनच्या वसतिगृहातील विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला 10 रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. हा हुकूम देणारे प्राचार्य म्हणजे कर्व्यांच्या घरी वाढलेले तेच रँग्लर परांजपे. परांजपे कठोर हृदयाचे होते असे नव्हे. सरकारी अनुदान आणि विद्यापीठाची मान्यता यांचा भार शिरावर असलेल्या प्राचार्याला विद्यार्थ्याकडे पाहताना एका डोळ्याने सरकारकडेही पाहावे लागते, इतकेच. संस्थेतील ज्या माणसाच्या हाती शिक्षेचा अधिकार, त्याच्याच कानी विद्यार्थ्याने आपले दुःख घालावे, ही अपेक्षा तेव्हाही भाबडी होती.

वसतिगृहाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती कोल्हापुरात. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढून दिले आणि त्यांच्या आश्रयाने जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह निघाले. जातवार वसतिगृहांनी जाती पक्क्या होतील, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हे. पण ज्या मुलाला कोणत्याच पंगतीत पाट नाही, त्याने जातिभेद मोडेपर्यंत उपाशी राहावे काय, याचे उत्तर आक्षेपकांनी द्यावयास हवे. या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेलेल्या जैन बोर्डिंगमधील एका विद्यार्थ्याने परतल्यावर आंघोळ करण्याचे नाकारले आणि चालकांनी त्याला बाहेर काढले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील.

घालवून दिलेल्या या विद्यार्थ्याने 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्याला असे बोर्डिंग काढले, की जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहात, एकत्र रांधत आणि एका पंगतीला बसत. तेथे धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. या गोष्टीचे इतके वेळा कीर्तन झाले आहे की तिच्यातील व्यवहार आपल्या नजरेतून निसटतो. कोठीत धान्य किती उरले, कोणता मुलगा पोटभर जेवला आणि कोणता ताटावरून अर्धपोटी उठला, हे चूल सांभाळणाऱ्या त्या बाईला ठाऊक होते. संस्थेच्या अहवालांत ज्याचा रकाना कधीच नसतो, ते हे ज्ञान. पुढे याच परंपरेतून ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाविद्यालयांपर्यंत पोचली आणि विद्यार्थ्याला मिळणाऱ्या मदतीतला उपकाराचा काटा तिने पुष्कळसा काढून टाकला.

तो काटा सरकारी शब्दांतून मात्र सहज निघाला नाही. फीमाफीला आपल्याकडे ‘नादारी’ म्हणत. ज्याच्यापाशी काही नाही तो नादार. अर्ज करावा, बापाच्या दारिद्र्याचा दाखला जोडावा आणि वर्गात नाव पुकारले गेले, की मान खाली घालून उभे राहावे. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत उत्पन्नाच्या मर्यादेवर फीची सवलत मिळू लागली, तेव्हा ‘ई. बी. सी.’ ही तीन अक्षरे गावोगाव तोंडी बसली. त्यांत ‘नादार’ हा शिक्का नव्हता, हाही लहान लाभ नव्हे. पुण्यात 1909 मध्ये निघालेल्या ‘अनाथ विद्यार्थी गृहा’ने कालांतराने नावातील ‘अनाथ’ गाळले आणि ‘पुणे विद्यार्थी गृह’ हे नाव धारण केले, त्यातही हीच समज दिसते. 1955 मध्ये अच्युतराव आपटे यांनी सहकाऱ्यांसह जी संस्था काढली, तिने तर पहिल्यापासूनच ‘विद्यार्थी सहायक समिती’ असे नाव घेतले.

आता विद्यापीठांत विद्यार्थी कल्याणाचे स्वतंत्र खाते असते, 2016 च्या कायद्याने विद्यार्थी विकास मंडळ आले आहे, समुपदेशक नेमले जातात, आणि मनाच्या दुखण्यासाठी 14416 या क्रमांकावर शासनाची ‘टेलिमानस’ सेवा रात्रंदिवस चालू असते. हे सारे हवेच. अध्यापक म्हणजे वैद्य नव्हे आणि त्याने तसा आव आणूही नये. पण समुपदेशकाच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी जाण्याचे बळ ज्याच्यात उरलेले नाही, अशा विद्यार्थ्याला तेथवर सोबत कोणी करावी? हजेरीपटावर सलग चार दिवस फुली मारणारा कारकून, पुस्तके थकल्याची नोटीस काढणारा ग्रंथपाल, खानावळीत खाडे मांडणारा आचारी, प्रयोगशाळेचा गडी या साऱ्यांना ते सर्वांआधी दिसते, आणि नेमके त्यांनाच कोणी विचारीत नाही. मी ज्या वसतिगृहात होतो, तेथील आचारी रोज रात्री रेक्टरसाहेबांच्या खोलीत जाऊन दुसऱ्या दिवशीच्या भाजीचा हिशेब देई आणि त्याच ओघात कोणत्या खोलीतील मुलाचे ताट न खाता परत आले, तेही सांगे, रेक्टरसाहेब त्यावर काही बोलत नसत, पण जेवणानंतरची त्यांची शतपावली त्या खोलीवरून जाई, दार ठोठावले जाई, आणि “काय रे, बरं नाही का?” एवढाच प्रश्न विचारून ते खुर्ची ओढून बसत.

पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावी एस. टी. स्थानकावर सकाळच्या गाडीतून उतरणारे विद्यार्थ्यांचे डबे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. आईने पहाटे भाकरी थापाव्यात, डब्यावर मुलाचे नाव घालावे, कंडक्टरने तो स्थानकावर उतरवावा आणि रिकामा डबा परतीच्या गाडीने गावी जावा. परत आलेल्या डब्याचे झाकण आई उघडून पाही. आत भाकरी तशीच असली, की दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीला डब्याबरोबर बापही बसलेला असे.