मातीला केव्हा विचारावे?

परसात चार वाफे आखावेत, हौसेने गुलाब लावावा आणि दोन महिन्यांत त्याची पाने पिवळी पडू लागावीत, हा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. मग खतावर खत पडते. मातीला मात्र तोवर कोणी काही विचारलेले नसते. रोग बळावल्यावर वैद्य बोलवायचा, ही आपली जुनी खोड! मातीच्या परीक्षेचा इतिहास याच्या नेमका उलट धडा देतो.

सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथात भूमीचे जांगल, अनूप व साधारण असे भेद सांगून कोणत्या भूमीत कोणते वृक्ष वाढतात याचा विचार केलेला आहे. आधी परीक्षा, मग लावणी, असा त्यातला क्रम आहे. डोळा, हात आणि जीभ हीच त्या काळची प्रयोगशाळा.

रसायनशास्त्र या क्षेत्रात उतरले ते पुढे. वनस्पतींचे पोषण मातीतील खनिज द्रव्यांवर होते, हा विचार जर्मन शास्त्रज्ञ लीबिग याने 1840 मध्ये ठामपणे मांडला. 1843 मध्ये इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे लॉझ व गिल्बर्ट यांनी शेतावरचे प्रदीर्घ प्रयोग आरंभिले. तेथे पिकांचे व मातीचे नमुने पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवण्यात आले. एकच नमुना आजची स्थिती सांगतो. माती सुधारते आहे की खालावते आहे, हे अनेक वर्षांचे नमुने शेजारी मांडल्यावरच कळते. पुढे 1909 मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन्सन याने आम्लता मोजण्याचे ते प्रमाण दिले, ज्याला आपण आज सामू म्हणतो. गुलाबाच्या पिवळेपणाचे एक कोडे त्यामुळे उलगडते. सामू फार चढला की मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. तेथे नुसते शेणखत वा युरिया वाढवून काय होणार?

आपल्या देशात 1955–56 च्या सुमारास माती परीक्षणाच्या प्रयोगशाळांचे जाळे उभारण्यास आरंभ झाला आणि 2015 मध्ये शेतकऱ्यांसाठी मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. अंगणातल्या बागेला मात्र आपला मुहूर्त आपणच साधावा लागतो.

तो मुहूर्त कोणता? नवी बाग करावयाची असेल तर पहिले रोप लावण्यापूर्वी. बाग जुनी असेल तर वाफे रिकामे झाल्यावर आणि खत घालण्यापूर्वी. नुकत्याच खत घातलेल्या मातीची परीक्षा म्हणजे मातीची नव्हे, खताचीच परीक्षा! भर पावसातील चिखलही कामाचा नाही. म्हणून आपल्याकडे मृगाआधीचे उन्हाळ्याचे दिवस सोयीचे. निकाल हाती येऊन जमीन सुधारण्यास अवधी मिळतो. बागेतील चार-पाच ठिकाणांहून वीतभर खोलीपर्यंतची माती घ्यावी, ती एकत्र मिसळून सावलीत वाळवावी आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत पाठवावी. दर दोन-तीन वर्षांनी हे पुन्हा करावे, आणि शक्यतो त्याच महिन्यात. नाहीतर फरक मातीचा की ऋतूचा, हे कळणार नाही.

आपले परस इंदुरात असो, बडोद्यात असो वा हैदराबादेत, निकालाचे ते कागद मात्र फेकू नयेत. ते एकत्र बांधून ठेवावेत. रॉथॅमस्टेडचे भांडार मोठे खरे; पण आपल्या वाफ्याचा इतिहास आपल्यावाचून दुसरे कोण लिहिणार?