सालवनातील 'कुरकुरे छातू' : पारंपरिक उपयोग आणि संशोधन

कोलकाता – पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या की पश्चिम बंगालमधील बांकुडा, पुरुलिया, झाडग्राम आणि पश्चिम मेदिनीपूर या जिल्ह्यांतील सालवनांत आदिवासी स्त्रियांची लगबग सुरू होते. झाडाखालची माती हलकेच उकरून त्या सुपारीएवढे गोल कंद गोळा करतात. बंगालमध्ये 'कुरकुरे छातू' या नावाने ओळखली जाणारी ही एक अळंबी आहे. झारखंडात ती 'रुगडा', तर बस्तर भागात 'बोडा' या नावाने परिचित आहे.

या अळंबीचे शास्त्रीय नाव 'अॅस्ट्रेअस हायग्रोमेट्रिकस' असे आहे. आशियातील अळंबीच्या काही स्वतंत्र जाती असल्याचे जनुकीय अभ्यासांतून पुढे आले असले, तरी भारतीय संशोधनात प्रामुख्याने हेच नाव रूढ आहे. कोवळेपणी ती जमिनीखाली किंवा अर्धवट मातीत दडलेली असते. पक्व झाल्यावर तिचे जाड बाह्य आवरण ताऱ्याप्रमाणे उमलते. हवा दमट असताना या पाकळ्या उघडतात आणि कोरड्या हवेत पुन्हा मिटतात. आर्द्रता मोजणारी, या अर्थाचे शास्त्रीय नाव तिला याच गुणामुळे मिळाले आहे. खाण्यासाठी मात्र आतून पांढरी असलेली कोवळी अळंबीच वापरली जाते.

पारंपरिक उपयोग

मध्य प्रदेशातील बैगा आणि भारिया या आदिवासी जमातींत या अळंबीचा औषधी वापर होत असल्याची नोंद आहे. तिच्यातील बीजाणूंची भुकटी मोहरीच्या तेलात खलून भाजलेल्या जखमेवर लावली जाते. चीनच्या पारंपरिक वैद्यकात हीच भुकटी जखमेतील रक्तस्राव थांबविण्यासाठी आणि थंडीने सुजलेल्या बोटांवर बाहेरून लावली जात असे. एकमेकांपासून दूर असलेल्या या दोन्ही प्रदेशांत तिचा उपयोग प्रामुख्याने त्वचेवर बाहेरून झाला, हे लक्षणीय आहे.

कोलकात्यातील संशोधन

कोलकाता विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील संशोधकांचा सहभाग असलेल्या चमूने २०१२ मध्ये या अळंबीतून दोन नवी रासायनिक संयुगे वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. 'अॅस्ट्राकुर्कुरोल' आणि 'अॅस्ट्राकुर्कुरोन' या त्यांच्या नावांत अळंबीच्या शास्त्रीय व स्थानिक नावांचा मिलाफ दिसतो. काळा आजार निर्माण करणाऱ्या 'लेशमानिया डोनोव्हानी' या परजीवीवर आणि 'कॅन्डिडा' या बुरशीवर या अळंबीतील घटकांची प्रयोगशाळेत चाचणी घेण्यात आली. त्यानंतर २०१६ मध्ये अॅस्ट्राकुर्कुरोनचे काळा आजार झालेल्या उंदरांवरील अनुकूल परिणाम प्रसिद्ध झाले.

काळा आजार आणि कोलकाता यांचे नाते जुने आहे. डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० मध्ये याच शहरातील कॅम्पबेल रुग्णालयात 'युरिया स्टिबामाइन' हे औषध तयार केले आणि असंख्य रुग्णांचे प्राण वाचले. ही संस्था आता नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखली जाते.

सावधगिरी आवश्यक

प्रयोगशाळेतील किंवा उंदरांवरील निष्कर्ष म्हणजे माणसावरील उपचार नव्हे. काळा आजारावर 'लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन बी' यांसारखी प्रस्थापित औषधे उपलब्ध असून, अळंबी खाल्ल्याने तो बरा होतो असे मानून वैद्यकीय उपचार लांबविणे धोक्याचे ठरू शकते. भाजलेल्या जखमेवरही रुग्णालयातील उपचारच सुरक्षित होत. शिवाय 'स्क्लेरोडर्मा' गटातील विषारी अळंबी बाहेरून अशीच गोल दिसते. कापल्यावर तिचा गाभा जांभळट काळा आढळतो. पक्व कुरकुरे छातूचा गाभाही काळपट होत असल्याने अनुभवी संकलकांखेरीज इतरांनी ती वेचू नये.

सालवनावरच मदार

ही अळंबी सालवृक्षाच्या मुळांशी सहजीवन साधून वाढते. अळंबी झाडाला पाणी आणि खनिजे पुरविते, तर झाड तिला शर्करा देते. त्यामुळे धिंगरी अळंबीप्रमाणे पेंढ्यावर तिची लागवड करता येत नाही. हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा आणि पुरवठा संपूर्णपणे जंगलातून, या कारणांमुळे तिला बाजारात मोठा भाव मिळतो. पावसाळ्याच्या तोंडावर, शेतीचे उत्पन्न हाती नसताना, आदिवासी कुटुंबांना त्यातून रोख पैसा उपलब्ध होतो.

पश्चिम मेदिनीपूरमधील आराबारी येथे १९७० च्या दशकात ग्रामस्थांच्या सहभागातून उजाड सालवन पुन्हा उभे करण्याचा प्रयोग झाला. संरक्षणाच्या बदल्यात ग्रामस्थांना गौण वनोपज आणि लाकडाच्या उत्पन्नातील वाटा देण्यात आला. हा प्रयोग पुढे देशातील संयुक्त वनव्यवस्थापनाचा आदर्श ठरला. सालवृक्ष तोडून त्या जागी निलगिरी लावल्यास सावली मिळेल, लाकूडही मिळेल, परंतु कुरकुरे छातू मिळणार नाही. या अळंबीतून उद्या एखादे औषध तयार व्हायचे असेल, तर आज तिचे जंगल आणि ती ओळखणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान ही दोन्ही टिकून राहणे आवश्यक आहे.